एकच गाभा, पेट्या अनेक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबवली. त्यानंतर थोड्याच दिवसांत पनवेलच्या एका शाळेतून आम्हाला बोलावणे आले. संगणक खोलीत चौदा यंत्रे होती. तेरा यंत्रे साधारण दहा वर्षांपूर्वीची, चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरची आणि ४ जीबी स्मृतीची. चौदावे यंत्र म्हणजे कुणीतरी देणगी म्हणून दिलेला एक छोटा जुना नेटबुक. विंडोज ११ ला इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. म्हणजे चौदापैकी एकही यंत्र पात्र नव्हते. पुरवठादाराने सरळ सांगितले होते की सगळी भंगारात काढा, नवीन घ्या. शाळेकडे नव्या यंत्रांना पैसे नव्हते, आणि चालती यंत्रे भंगारात द्यायला संगणक शिकवणाऱ्या बाईंचे मन तयार नव्हते.

बाईंनी कुठूनसा एक छापील तक्ता मिळवला होता. डाव्या बाजूला लिनक्सच्या दहा-बारा वितरणांची नावे : उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, आर्च, बॉस वगैरे. उजवीकडे शेरे : ‘नवशिक्यांसाठी उत्तम’, ‘जाणकारांसाठी’, ‘दिसायला आकर्षक’, ‘हलके’. तक्ता पुढे करून त्या म्हणाल्या, “यातलं आमच्या शाळेला कुठलं, ते तुम्ही सांगा. आणि नववीतल्या मुलांनी मला विचारलंय, की बाई, सगळं लिनक्सच आहे तर इतकी नावं कशाला? त्यांना मी काय सांगू?”

आमच्या मते मुलांचा प्रश्न अधिक चांगला होता. त्याचे उत्तर मिळाले तर बाईंच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. तक्त्यात मात्र दोन्हींचे उत्तर नव्हते. असले तक्ते आज जागोजागी सापडतात, आणि शाळा त्यांच्या आधारे निर्णय घेतात, म्हणून त्यांचे काय चुकते ते जरा तपशिलाने पाहू.

लिनक्स हे नाव खरे तर एका गाभ्याचे आहे. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तो लिहायला घेतला. प्रोसेसर, स्मृती, चकती, कळफलक यांच्याशी बोलणे आणि चालू असलेल्या आज्ञावलींमध्ये त्यांची वाटणी करणे, हे गाभ्याचे काम. नुसत्या गाभ्यावर एक पत्रसुद्धा लिहिता येत नाही. त्याला जोड लागते ती रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधनांची, पडद्यावर खिडक्या काढणाऱ्या आज्ञावलींची, फाँटची, न्याहाळकाची, छपाईच्या सोयीची. हे सगळे जगभर वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले असते आणि सुटे सुटे मिळते. ते गोळा करून, एकमेकांशी जुळते आहे ना हे तपासून, बसवायला सोपे अशा स्वरूपात देणे याला वितरण म्हणायचे.

शिक्षकांना ओळखीचे उदाहरण द्यायचे तर शाळेतली विज्ञानपेटी घ्या. परीक्षानळ्या, भिंगे, चुंबके, लिटमस कागद कोणत्याही पुरवठादाराच्या पेटीत असतात, आणि काच बनवणारे कारखाने बहुधा तेच असतात. तरी दोन पेट्या सारख्या नसतात. एकाने भिंग कोणते निवडले, दुसऱ्याने ॲसिडची बाटली कशी बांधली, नळी फुटली तर बदली कोण देणार आणि तीन वर्षांनी तो पुरवठादार धंद्यात असणार का, यांत फरक असतो. पेटीच्या झाकणाचा रंग पाहून हे कळत नाही. आमच्या मते तक्ता करणाऱ्याने बरेचसे झाकणाचे रंगच नोंदवले होते.

‘दिसायला आकर्षक’ हा शेरा घ्या. पडद्याचे रूप हे वितरणाचे नसते, डेस्कटॉप म्हणून जो स्वतंत्र थर असतो त्याचे असते. ग्नोम, केडीई, सिनॅमन, एक्सएफसीई ही अशा थरांची नावे. एकच उबुंटू ग्नोमसह मिळते, आणि केडीईसह घेतले की त्यालाच कुबुंटू म्हणतात. डेबियन बसवताना तर यादीतून हवा तो डेस्कटॉप निवडता येतो. ‘हलके’ हा शेराही मुख्यतः याच थराचा. ४ जीबीच्या यंत्रावर एक्सएफसीई बरा चालतो, मग खाली डेबियन असो की मिंट. जाता जाता सांगायचे तर जुन्या यंत्राचा संथपणा पुष्कळदा फिरत्या चकतीमुळे असतो. तिच्या जागी साधी एसएसडी बसवली तर जो फरक पडतो तो कोणतेही वितरण बदलून पडत नाही.

मग खरा फरक कुठे? पहिला फरक कोठाराचा. प्रत्येक मोठ्या वितरणाचे स्वतःचे आज्ञावली-कोठार असते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ च्या कोठारात सुमारे ७० हजार गठ्ठे आहेत. आकाशदर्शनाचे स्टेलॅरियम डेबियनच्या कोठारात आहे, फेडोराच्याही आहे. पनवेलचा शून्यसावलीचा दिवस मेच्या मध्याला येतो, हे दोन्हींवर सारखेच पाहता येते. पण डेबियन घराण्यात गठ्ठा बांधायची पद्धत एक, रेड हॅट घराण्यात दुसरी, आणि एकीकडचा गठ्ठा दुसरीकडे सहसा बसवू नये. कोठारात काय ठेवायचे, कसे बांधायचे हा निर्णय वितरण करणारे घेतात. फायरफॉक्सचेच पाहा. २०२१ पासून उबुंटूने ते स्नॅप नावाच्या बंद डब्यातून द्यायला सुरुवात केली. जुन्या यंत्रावर असा डबा पहिल्यांदा उघडायला चांगलाच वेळ घेतो. मिंट हे उबुंटूच्याच कोठारावर उभे आहे, तरी त्यांनी स्नॅप नाकारले आणि फायरफॉक्स स्वतः साध्या गठ्ठ्यात बांधून दिले. चाळीस मिनिटांच्या तासाला न्याहाळक उघडण्यात दोन मिनिटे गेली तर वर्गाचे काय होते ते आम्ही सांगायला नको. बाईंच्या तक्त्यात हा फरक कुठेच नव्हता. उबुंटू आणि मिंट दोघांपुढे ‘नवशिक्यांसाठी उत्तम’ इतकेच होते.

दुसरा फरक मुदतीचा, आणि शाळेच्या दृष्टीने आम्ही तो सर्वांत मोठा मानतो. फेडोराची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि जुनीची देखभाल सुमारे तेरा महिने होते. म्हणजे शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला बसवलेले फेडोरा पुढच्या वर्षी पुन्हा चढवावे लागणार. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे सुधारणा मिळतात. डेबियन साधारण दोन वर्षांनी येते, तीन वर्षे नेहमीची देखभाल आणि पुढे दोन वर्षे वाढीव. आर्चला आवृत्ती असा प्रकारच नाही, ते सतत बदलत राहते. ज्याला रोज संगणकात डोके घालायचे आहे त्याला यात मौज आहे. ज्या बाईंना संगणकाबरोबर गणिताचे तासही घ्यायचे आहेत त्यांच्यासाठी ती डोकेदुखी ठरेल. तक्त्यातील ‘जाणकारांसाठी’ या शेऱ्यामागे इतकीच साधी गोष्ट असते, पण शेरा वाचणाऱ्याला वाटते की हा बुद्धीच्या पातळीचा प्रश्न आहे.

तिसरा फरक हा, की निर्णय कोण घेते. शास्त्र शिकवणाऱ्यांनी याबाबत एक गोष्ट अवश्य माहीत करून घ्यावी. अमेरिकेतील फर्मीलॅब ही कणभौतिकीची प्रयोगशाळा. तिने २००४ मध्ये ‘सायंटिफिक लिनक्स’ नावाचे वितरण सुरू केले. रेड हॅट कंपनीचे व्यापारी वितरण ज्या उघड्या मूळ संहितेपासून बनते तीच घेऊन ते बांधलेले होते, आणि युरोपातील सर्न या प्रयोगशाळेचा हातभारही त्याला लागला. त्याच पद्धतीने बांधलेले दुसरे वितरण म्हणजे सेंटओएस. २०१९ मध्ये फर्मीलॅबने जाहीर केले की एकच काम दोन ठिकाणी कशाला करायचे, आम्ही पुढची आवृत्ती काढणार नाही, सेंटओएस ८ वापरू. निर्णय शहाणपणाचा होता. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत सुधारणा मिळतील असे तेव्हा गृहीत होते. पण सेंटओएस आता रेड हॅटच्या पंखाखाली होते, आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथून घोषणा झाली की ही आवृत्ती २०२१ अखेर बंद होईल. मुदत एका घोषणेने आठ वर्षांवरून एक वर्षावर आली. जगभरच्या संगणक केंद्रांची धावपळ झाली. रॉकी आणि अल्मा ही नवी वितरणे त्यातून २०२१ मध्ये जन्माला आली, आणि २०२२ च्या अखेरीस फर्मीलॅब व सर्न यांनी मिळून अल्माची निवड केली. मूळ संहिता उघडी होती म्हणूनच हा मार्ग निघाला, हे खरे. पण एवढ्या मोठ्या प्रयोगशाळांनाही ‘पेटी कोण बांधतो आणि उद्या तो काय ठरवील’ या प्रश्नाने गाठले, तिथे शाळेने तो न विचारून कसे चालेल? डेबियनचा कारभार स्वयंसेवकांच्या हाती आहे आणि त्यांची लिखित घटना आहे. उबुंटूमागे एक कंपनी आहे, मिंटमागे एक लहान गट. यांत चांगले-वाईट ठरवणे सोपे नाही, पण माहीत असायला हवे.

अगदी आपल्या रायगड जिल्ह्यातले उदाहरण पाहा. ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ च्या अखेरीस कर्जत तालुक्यातील खैरात या वाडीच्या लहानशा शाळेत झाला. मुलांच्या हाती एक्सओ नावाचा हिरवा-पांढरा लॅपटॉप आला. त्याचा प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्‌झचा, स्मृती २५६ एमबी आणि साठवण १ जीबी. त्यावर चालत होते फेडोराच, पण पुष्कळ छाटलेले, आणि वर शुगर नावाचा मुलांसाठी केलेला थर. त्यात फोल्डर नाहीत, खिडक्यांची दाटी नाही, फक्त कृती आणि केलेल्या कामाची रोजनिशी. आता बाईंच्या तक्त्यात फेडोरापुढे काय लिहिले होते? ‘जाणकारांसाठी’. तेच फेडोरा वाडीवरच्या प्राथमिक शाळेतली मुले हाताळत होती. त्यामुळे त्या शेऱ्याची किंमत आम्ही शून्य धरतो. शुगरची पुढची कहाणीही बोलकी आहे. २००८ पासून त्याचे काम ‘शुगर लॅब्ज’ हा स्वतंत्र स्वयंसेवी गट पाहू लागला. खालचे फेडोरा दर सहा महिन्यांनी पुढे सरकत असताना वरचा खास थर त्याच्याशी जुळवत राहणे हे किती चिकाटीचे काम असेल, याची कल्पना करावी. खास आपल्यासाठी बांधलेली पेटी मोहक असते, परंतु ती सतत कुणीतरी बांधत राहावी लागते.

यावरून ओघानेच ‘बॉस’ची गोष्ट येते. तक्त्यात त्यापुढे ‘स्वदेशी’ एवढाच शेरा होता, आणि बाईंचा कलही तिकडेच होता. बॉस म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स. सी-डॅकच्या चेन्नई केंद्रात ते तयार झाले, पहिली आवृत्ती जानेवारी २००७ मध्ये आली आणि दहावी, ‘प्रज्ञा’ नावाची, २०२४ मध्ये. शाळांसाठी ‘एज्युबॉस’ अशी वेगळी पेटीही निघाली. त्याआधी आपल्याकडे याच दिशेने काम झाले होते. जुहूच्या एनसीएसटी या संस्थेने ‘इंडिक्स’ नावाने लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या आणण्याचा खटाटोप केला. ती संस्था २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली, आणि सी-डॅकचे एक कार्यालय आज पनवेलच्या अलीकडे खारघर स्थानकासमोर आहे.

बॉसबद्दल आदर ठेवूनच दोन गोष्टी म्हणायच्या आहेत. २००७ मध्ये लिनक्सवर मराठी लिहिणे ही कसरत होती. फाँट शोधा, कळफलकाची मांडणी बसवा, जोडाक्षरे फुटतात ती सहन करा. तेव्हा भारतीय भाषा तयार करून देणारी पेटी हे मोठेच काम होते. आज ते वेगळेपण बरेचसे उरलेले नाही, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले लोहित फाँट आणि इनस्क्रिप्ट कळफलक आता सर्व मोठ्या कोठारांत आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे बॉस हे डेबियनवर उभे आहे. डेबियनमध्ये एखादी सुरक्षेची दुरुस्ती झाली की ती आणखी एका हातातून आपल्यापर्यंत यायची. मिंटचेही तसेच आहे, ते उबुंटूवर आणि उबुंटू डेबियनवर. म्हणून पुनर्बांधणी करणारा जी भर घालतो ती आपल्या उपयोगाची आहे का, एवढेच विचारावे. या शाळेला हवी अशी भर आम्हाला बॉसमध्ये सापडली नाही. ‘स्वदेशी’ हा शेरा अभिमानाचा आहे, पण यंत्र बिघडल्यावर मदतीला कोण येईल ते त्यातून समजत नाही.

केरळकडे पाहिले तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथील आयटी@स्कूल प्रकल्पाने, जो पुढे ‘काइट’ या नावाने कंपनी झाला, उबुंटूवर आधारलेली स्वतःची पेटी बांधली. २०१९ मध्ये तिची १८.०४ ही आवृत्ती आली. तांत्रिक दृष्टीने तिच्यात फार नवलाचे काही नाही. पण पाठ्यपुस्तकात ज्या आज्ञावली आहेत त्याच पेटीत आहेत, शिक्षकांचे प्रशिक्षण त्यावरच होते आणि परीक्षाही. आपल्याकडे शिक्षकांनी एमएस-सीआयटी केली ती विंडोजवर. तेव्हा ‘केरळात चालते मग इथे का नाही’ असे बाईंना विचारणे अन्यायाचे होईल.

पनवेलच्या शाळेत आम्ही तक्ता बाजूला ठेवला आणि दोन शनिवार मुलांबरोबर घालवले. पेन ड्राइव्हवर चार वितरणे घेतली. काही न बसवता पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करता येते, ही सोय फार मोलाची आहे. पहिला प्रयोग वंशावळीचा. प्रत्येक वितरणात ‘ईटीसी’ या फोल्डरात ‘ओएस-रिलीज’ नावाची छोटी फाईल असते. ती उघडली की वितरण आपले नाव सांगते, आणि बहुधा आपण कुणासारखे आहोत तेही. मिंट म्हणते उबुंटू आणि डेबियनसारखे, उबुंटू म्हणते डेबियनसारखे, डेबियन मात्र कुणाचेच नाव घेत नाही. मुलांनी फळ्यावर झाड काढले. एकीने विचारले, “मग डेबियन सगळ्यांत जुनं का?” आम्ही १९९३ हे साल सांगितले, त्याच वर्षाचे स्लॅकवेअर अजून चालू आहे तेही सांगितले, आणि रेड हॅटची फांदी १९९४ मध्ये स्वतंत्रपणे निघाल्याचे दाखवले. इतकी नावे कशाला, या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या झाडातच होते. संहिता उघडी असल्याने ज्याला पटत नाही त्याला वेगळी फांदी काढता येते.

दुसरा प्रयोग मराठीचा. ‘वाऱ्याने सुऱ्या पडल्या, कुऱ्हाड नाही, बाळ शाळेत लाल शाल घालते’ असे एक बिनडोक वाक्य प्रत्येक पेटीत टंकायचे आणि छापायचे. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबले की ऱ मिळतो, एन दाबले की ळ. हे विंडोजवर शिकलेले बोटांना इथेही उपयोगी पडते, कारण मांडणी तीच आहे. ऱ्या मधला आडवा र नीट उमटतो का, ल आणि श मराठी वळणाचे येतात की हिंदी वळणाचे, हे मुलांनी भिंगाने पाहिले. चारही पेट्यांत जोडाक्षरे ठीक होती. फरक पडला तो फाँटचा, आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली आहे की नाही याचा. अगदी उघड्याबोडक्या पेटीत देवनागरी फाँटच नसतो आणि चौकोन दिसतात, तेही एकदा दाखवले.

शेवटी बारा यंत्रांवर मिंट २२ बसवले, एक्सएफसीईसह. कारणे तीन, आणि तीनही तक्त्याबाहेरची. ते उबुंटू २४.०४ वर उभे आहे, म्हणून २०२९ पर्यंत देखभाल. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पाचे मराठीतले लिनक्सचे धडे उबुंटूवरचे आहेत, जुने असले तरी मुलांना कळतात. आणि शाळेचा एक माजी विद्यार्थी अभियांत्रिकीला आहे, त्याला हेच घराणे येते, तो शनिवारी येऊ शकतो. तो डेबियनवाला असता तर आम्ही बेलाशक डेबियन बसवले असते. शालार्थ आणि यू-डायसची कामे न्याहाळकातून होतात, त्यांना वितरणाशी देणेघेणे नाही. नेटबुकचा प्रोसेसर ३२ बिटचा निघाला. डेबियन १३ मध्ये त्यासाठी बसवण्याची सोय राहिलेली नाही. म्हणून त्यावर डेबियन १२ घातले आणि नेट न जोडता टंकलेखनाच्या सरावाला ठेवले. प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यावर मुलांनी कागद चिकटवले : वितरणाचे नाव, आणि देखभाल कोणत्या महिन्यापर्यंत.

तेरावे यंत्र विंडोज १० वरच आहे. शाळेच्या पंधरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी आणि आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये आहेत. युनिकोडमध्ये उघडल्या तर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. हा दोष कोणत्याही वितरणाचा नाही आणि कोणतेही वितरण तो दूर करत नाही. त्या यंत्राची नेटची तार काढून ठेवली आहे. बाई आणि नववीची चार मुले रोज मधल्या सुट्टीत एकेक प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये आणत आहेत. आम्ही शेवटचे गेलो तेव्हा २०१३ च्या सहामाहीपर्यंत पोहोचली होती.